चोवीस अंश आणि पत्र्याचे छप्पर

स्टार मानांकन असलेले वातानुकूलन यंत्र सुरू होताच २४ अंश सेल्सिअसवर असले पाहिजे, हा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. पुढे जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी हे तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेत बांधण्याचा मनोदय जाहीर केला. आमच्या खोलीत सरकारने का डोकवावे, असा आक्षेप त्यावर घेतला जातो.

आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु प्रश्न एका खोलीपुरता नाही. खोली ठरलेल्या अंशावर आली की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला विसावा देतो. तो १८ वर ठेवला म्हणून साधे यंत्र खोली लवकर थंड करीत नाही. ते केवळ अधिक वेळ धावत राहते. एक अंश वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. खोलीतून काढलेली उष्णता बाहेरच्या गल्लीत पडते, आणि कोळसा जळतो तो चंद्रपूरसारख्या, उन्हाळ्यात स्वतःच होरपळणाऱ्या गावाशेजारी.

सुखाचा अंश सर्वत्र एकच असतो, हेही खरे नव्हे. पंखा फिरत असेल तर २६ अंशांतही माणसाला बरे वाटते. जपान सरकारने २००५ साली कार्यालयांत २८ अंशांचा आग्रह धरला आणि कर्मचाऱ्यांना कोट-टाय उतरविण्यास सांगितले. आपल्याकडे मात्र साहेबांच्या कोटासाठी सबंध कार्यालय गारठविले जाते!

तथापि, केवळ काटकसरीचा उपदेश हा समाजवाद नव्हे. २०१९ च्या राष्ट्रीय शीतन कृती आराखड्यानुसार वातानुकूलन यंत्रे जेमतेम ८ टक्के कुटुंबांकडे होती. उरलेल्यांनी काय वाचवावे? डॉ. लोहियांनी १९६३ साली लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मागितला होता. आज अंशांचा हिशेब मागितला पाहिजे. सर्वांना उष्म्यापासून दिलासा देण्याचे उद्दिष्ट त्याच आराखड्यात नमूद आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या नगरपालिकेकडे दोन मागण्या एकत्रच कराव्यात : सरकारी कार्यालयांत २६ अंश आणि पंखे, आणि त्यातून वाचणाऱ्या वीजबिलाच्या पैशातून वस्तीतील पत्र्याच्या छपरांना पांढरा लेप, मजूर अड्ड्यांवर सावली व पाणी. पहिली मागणी मान्य होऊन दुसरी फायलीत पडून राहिली, तर बचत तिजोरीची होईल, दिलासा कोणालाच मिळणार नाही.