धीर कशाने येतो?

आज १२ जुलै. १९६१ साली याच दिवशी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याच्या जुन्या धरणालाही खिंडार पाडले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. लकडी पूल पाण्याखाली गेला, वाडे कोसळले, हजारो कुटुंबे अंगावरच्या वस्त्रांनिशी रस्त्यावर आली. आजच्या पिढीला ही कथा ऐकूनच ठाऊक आहे. परंतु त्या दिवसांत पुणेकरांना ज्या प्रश्नाने ग्रासले, तोच प्रश्न आज निराळ्या रूपाने घरोघरी उभा आहे. उद्याचा भरवसा नसताना मनाने तग कसा धरावा?

आजची नोकरी उद्या राहील याची शाश्वती नाही. वीस वर्षे कष्टाने मिळविलेले कौशल्य यंत्र क्षणार्धात करून दाखविते. मुले परदेशी आणि वृद्ध आईबाप दूरध्वनीकडे डोळे लावून बसलेले. अशा माणसाला आपण सांगतो, ‘धीर धरा, सर्व ठीक होईल.’ हा उपदेश सद्हेतूने केलेला असला तरी पोकळ आहे. तशी हमी सांगणाऱ्यापाशीही नसते आणि ऐकणाराही ते जाणून असतो. त्याची भीती त्यामुळे जात नाही. ती बोलून दाखविण्याची मात्र त्याला लाज वाटू लागते.

मग धीर येतो कशाने? आमच्या मते पहिली गोष्ट म्हणजे खरी माहिती. पानशेतचे धरण वाचविण्यासाठी लष्कराचे जवान वाळूची पोती रचीत झगडत होते, त्या वेळी सामान्य नागरिकाला संकटाची पुरेशी कल्पना नव्हती. याचा परिणाम पुढेही दिसला. पूर ओसरल्यावर पुन्हा पाणी येत असल्याची आवई उठताच लोक उंच जागेकडे धावत सुटले. त्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याला एकदा वेळेवर सत्य कळले नाही, तो पुढे प्रत्येक अफवेवर विश्वास ठेवतो. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हाही रहिवाशांची तक्रार वेळेवर सूचना न मिळाल्याचीच होती. त्रेसष्ट वर्षांत आपण काय शिकलो, हे राज्यकर्त्यांनी स्वतःलाच विचारावे.

दुसरी गोष्ट हातातले काम. खडकवासले फुटल्याने नळ कोरडे पडले, तेव्हा लोकांनी जुन्या विहिरी आणि हौद यांचा आश्रय घेतला. घराघरांतला चिखल उपसला. पुढील वर्षाचे काय, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. पण आजच्या घागरीचे काय, याचे उत्तर मिळविता येत होते. मोठ्या अनिश्चिततेत लहानशी निश्चिती हाती असली की मन थाऱ्यावर राहते.

आणि तिसरी गोष्ट, जिचा आपल्या सुशिक्षित समाजाला सर्वाधिक संकोच वाटतो, ती म्हणजे दुःख बोलून दाखविण्याची मोकळीक. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, हे उत्तमच झाले. परंतु वाड्यातला चौक, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार, देव्हाऱ्यातले वाहून गेलेले देव यांची भरपाई कोणत्याही अर्जात मागता येत नव्हती. ते दुःख कित्येकांनी मुकाट्याने गिळले. नदीला पाणी सोडल्याची वार्ता येताच आजही एखादे वृद्ध गृहस्थ पुलावर जाऊन पातळी पाहून येतात. घरची माणसे हसतात. त्यांना हसण्याऐवजी कोणी त्यांच्याबरोबर पुलापर्यंत चालत गेले तर?

दुःख उगाळीत बसल्याने माणूस दुबळा होतो, असे कोणी म्हणेल. उगाळणे निराळे आणि सांगणे निराळे. सांगितलेले दुःख दोघांत वाटले जाते. दडपलेले वाढत राहते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी नदीकाठच्या घरांना सांगावे. कामगार कमी करावयाचे असतील तर मालकांनी ते आधी आणि स्पष्ट सांगावे. आणि घरातला कर्ता माणूस रात्री जागा दिसला, तर ‘काही होत नाही’ असे न म्हणता ‘काय झाले?’ असे कोणीतरी विचारावे. उद्याचा दिवस कोणाच्याच हाती नाही. हे तिन्ही मात्र आपल्या हाती आहे.