स्वस्त घराचा पत्ता



गावात आपण गावकुसाबाहेर होतो. मेलेलं ढोर आपल्याकडं, गावची घाण आपल्याकडं. आपल्यावरून गेलेला वारा गावात शिरू नये अशी जागा बघून महारवाडा बसवलेला. बाबासाहेब म्हणाले, खेडं सोडा, शहरात जा. आलो मुंबईला, समुद्राच्या काठाला. आता ही मुंबई आपल्याला कुठं बसवतेय ते डोळे उघडून बघा.

माहुल बघा. चेंबूरच्या पल्याड, खाडीच्या कडेला. आजूबाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. मधे २२५ चौरस फुटांच्या खोल्यांच्या ७२ इमारती. इथली हवा माणसाच्या तब्येतीला घातक आहे, हे हरित न्यायाधिकरणानं २०१५ सालीच नोंदवलं होतं. तरी २०१७ पासून तानसा पाइपलाइनच्या कडेच्या झोपड्या पाडून हजारो कुटुंबं तिथंच नेऊन टाकली. कारण काय, तर पाइपलाइनला धोका! नळाची काळजी, फुफ्फुसाची नाही. लोक रस्त्यावर बसले, कोर्टात गेले. २०१९ साली हायकोर्टाला सांगावं लागलं की माहुलची सक्ती करू नका, नाहीतर महिन्याला १५ हजार भाडं द्या.

मग रिकाम्या खोल्यांचं काय केलं? २०२५ साली महापालिकेनं त्या आपल्याच तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांना विकायला काढल्या. चौथ्या श्रेणीत झाडू कुणाच्या हातात आहे, ते मी सांगायला पाहिजे काय? पण आपल्या माणसांना अक्कल होती. अर्ज आले नाहीत, मुदत वाढवावी लागली.

आता धारावी. चामडं कमावणारे, मडकी घडवणारे, भंगार वेचणारे, तमिळ दलित, मुसलमान, सगळ्यांनी मिळून चिखलात उभी केलेली वस्ती. तिथं आता माणसाची जात विचारत नाहीत, तारीख विचारतात. १ जानेवारी २००० च्या आधीचा आणि तळमजल्यावरचा असशील, तर धारावीतच फुकट घर. २००० ते २०११ मधला असशील, तर अडीच लाख भर आणि धारावीबाहेर जा. त्यानंतरचा असशील, तर भाड्यानं राहा, तेही बाहेर. उतरंड तीच, फक्त मडक्यांवर तारखा लिहिल्यात.

आणि ‘बाहेर’ म्हंजे कुठं? २०२४ साली सरकारनं या कामाला जी जमीन दिली, तीत मिठागरं आहेत, आणि देवनारच्या डम्पिंग ग्राउंडची १२४ एकर आहे. देवनारला कचरा पडतोय १९२७ पासून. ज्या साली आपण महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यालो, त्याच सालापासून! पाण्याला हात लावला म्हणून आपल्याला मारलं होतं. आता म्हणतात, उकिरड्यावर या, घर देतो.

खाडीपलीकडं नव्या मुंबईत तरी काय वेगळं? २०२४ च्या सिडको सोडतीत तळोज्याचं घर सुमारे २५ लाखांपासून, खारघर स्टेशनाजवळचं सुमारे ९७ लाख. तळोजा म्हणजे रासायनिक कारखान्यांची वसाहत. हवा जितकी सडकी तितकं घर स्वस्त, हाच यांचा हिशेब. आणि स्वस्त म्हणायचं तरी कुणी? २५ लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी २० वर्षं फेडायचं, तर हप्ता महिन्याला साडेबावीस हजार. नाक्यावर उभा राहणारा मजूर पगाराची चिठ्ठी कुठनं आणणार?

‘फुकट मिळतंय, वर तोंड करून बोलतात!’ असं म्हणणारे भेटतील. त्यांना विचारा, वांद्र्यात चार घरची भांडी घासणारी बाई माहुलवरनं सकाळी सहाला कशी पोचणार? पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ साली ओल्गा टेलिसच्या खटल्यात मानलं. मानलं, आणि त्याच निकालात पाडापाडीलाही वाट ठेवली.

परक्यांना शिव्या देऊन भागणार नाही. आपले पुढारी काय करतात? १४ एप्रिलला बॅनर, आणि बिल्डरच्या भूमिपूजनाला नारळ. नोकरीत लागलेला आपला भाऊ बऱ्या सोसायटीत फ्लॅट घेतो आणि दारावरच्या पाटीवरनं आडनाव उडवतो. त्याची भीती मला कळते. पण वस्तीत सर्व्हेवाले येतात तेव्हा आईबापांचे कागद बघायलाही तो फिरकत नाही, हे कळत नाही.

तेव्हा पोरांनो, सर्व्हेच्या आधी वस्तीत जा. रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादी, घरटी फाइल करा. पात्र-अपात्रची यादी लेखी मागा. किती चौरस फूट, हे नंतर विचारा. आधी पत्ता विचारा. तिथल्या हवेचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. काम जिथं, घर तिथं, यावर अडून बसा.

गावकूस आपण एकदा ओलांडलंय. ते पुन्हा सिमेंटचं बांधून त्याची चावी कुणी आपल्या हातात ठेवत असेल, तर ती त्याच्या तोंडावर फेका.

जय भीम.