खाते शाळेच्या नावावर हवे

सप्टेंबर 2025च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्याच्या परंडा आणि भूम तालुक्यांतल्या अनेक गावांत नदीचे पाणी घरांत शिरले. पीक, जनावरे, धान्य यांच्या नुकसानीचे पंचनामे झाले. मुलांच्या भिजलेल्या वह्यांचा पंचनामा कोण करणार? पाठ्यपुस्तक नवे मिळते. जूनपासून स्वतःच्या हाताने उतरवलेली, चुकांवर गुरुजींनी लाल खुणा केलेली वही नवी मिळत नाही. दहावीच्या मुलासाठी ते नुकसान मोठे आहे. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपात याच जिल्ह्याने घरांसोबत आयुष्यभराचे कागद ढिगाऱ्याखाली गेलेले पाहिले आहेत. जे एकाच ठिकाणी असते ते एकाच दिवसात जाऊ शकते, हे धाराशिवला वेगळे सांगायला नको.

म्हणूनच क्लाउड साठवण आणि नोंदी ठेवण्याची अ‍ॅप्स आपल्या वर्गांत यायला हवीत, असे मी आग्रहाने म्हणतो. मात्र त्याला एक अट आहे. ज्या खात्यात हे सगळे साठवले जाईल, ते खाते शाळेच्या नावावर असले पाहिजे. ते शिक्षकाचे वैयक्तिक खाते असता कामा नये.

आज गावोगावच्या शाळांत काय चालते ते पाहा. स्वाध्याय, चाचण्या, मुलांच्या वाचनाचे व्हिडिओ, उपक्रमांचे फोटो हे सारे एखाद्या उत्साही शिक्षकाच्या मोबाइलमध्ये आणि त्याच्या स्वतःच्या जीमेलशी जोडलेल्या ड्राइव्हवर असते. उरलेले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाहून जाते. त्या शिक्षकाची बदली झाली की चार-पाच वर्षांचे काम त्याच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जाते आणि नवा शिक्षक पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. वैयक्तिक खात्याला मर्यादाही आहेत. गुगलचे मोफत खाते 15 जीबीचे असते आणि त्यातच ईमेल, ड्राइव्ह आणि जून 2021पासून चढवलेले फोटोही मोजले जातात. घरच्या लग्नाचे फोटो आणि सातवीचे गणित एकाच जागेसाठी भांडतात. सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसून टाकण्याचे धोरणही गुगलने डिसेंबर 2023पासून लागू केले आहे.

मुख्याध्यापक बदलतात तेव्हा चार्ज दिला-घेतला जातो. जनरल रजिस्टर, कॅशबुक, जडसंग्रह नोंदवही यांची यादी होते, दोघांच्या सह्या होतात. त्या यादीत शाळेच्या क्लाउड खात्याची एक ओळ आली पाहिजे. यासाठी फार खर्चही नाही. गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही शिक्षणसंस्थांसाठी मोफत योजना आहेत. गुगलच्या योजनेत 2022पासून एका संस्थेला सामायिक 100 टीबी जागा मिळते. जिल्हा परिषदेने स्वतःच्या नावाचे एक डोमेन घ्यावे, प्रत्येक शाळेला तिच्या 11 अंकी यूडायस क्रमांकावरून खाते द्यावे आणि त्याचे नियंत्रण शिक्षण विभागाकडे ठेवावे. मग शिक्षक बदलला तरी शाळेची स्मृती शाळेतच राहील.

वर्गात हे वापरायचे कसे? माझे मत स्पष्ट आहे: मुलाने लिहायचे ते हातानेच. प्रिन्स्टन आणि कॅलिफोर्निया (लॉस एंजेलिस) या विद्यापीठांतल्या दोन संशोधकांनी 2014 साली दाखवले की, लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी ऐकलेले शब्दशः उतरवत जातात, तर हाताने लिहिणारे स्वतःच्या शब्दांत मांडतात. त्यांच्या निष्कर्षावर पुढे वाद झाले. नंतरच्या प्रयोगांत फरक तितका ठळक दिसला नाही. तरीही ज्या शाळेत पटावर तीस मुले आणि हाताशी दोन टॅब आहेत, तिथे वही हेच खरे साधन आहे. वहीत लिहावे आणि ड्राइव्हमधल्या स्कॅनच्या सोयीने पानाची प्रत ठेवावी. एक पान अर्ध्या एमबीचे धरले, तरी 15 जीबीत तीस हजार पाने मावतात. फाइलला इयत्ता, विषय, महिना असे नाव द्यायची सवय लावावी, नाहीतर वर्षअखेरीस काहीच सापडत नाही.

हाताने लिहिण्याला अपवाद टंकलेखन येणाऱ्या मोठ्या मुलांचा. त्यांच्यासाठी आणखी एक सोय मोलाची आहे. गुगल डॉक्समध्ये लिहिलेल्या निबंधाचे आधीचे खर्डे जपले जातात. मुलाने कोणता परिच्छेद खोडला, कोणता नव्याने लिहिला, हे शिक्षकाला दिसते. पक्क्या निबंधाला गुण देणे आपण जाणतो, पण विचार कसा घडत गेला हे पाहून शिकवण्याची संधी कागदावर क्वचितच मिळते.

रेंजचा प्रश्न खरा आहे, पण तो अडून बसण्याचे कारण होऊ शकत नाही. ड्राइव्हमधली फाइल ऑफलाइन ठेवता येते. कीप किंवा वननोटसारख्या अ‍ॅपमध्ये नेट नसतानाही नोंद करता येते आणि रेंज मिळाली की ती आपोआप वर जाते. उमरगा तालुक्यातल्या कडदोरा इथल्या जगदंबानगर शाळेचे उमेश खोसे यांना 2021चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी बंजारा मुलांसाठी पाठ्यपुस्तक त्यांच्या बोलीत आणले आणि इंटरनेटशिवाय चालणारी शैक्षणिक अ‍ॅप्स तयार केली. तांड्यावरच्या मुलाकडे जे नाही त्याचा विचार आधी, यंत्राचा नंतर, हा क्रम त्यांच्याकडून घ्यावा.

ही सोय सर्वात जास्त कोणाला हवी? माझ्या मते, कोयत्यावर जाणाऱ्यांच्या मुलांना. दिवाळीच्या सुमारास भूम, वाशी, कळंब, परंडा भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. सोबत गेलेले मूल फडाजवळच्या शाळेत बसलेच, तर तिथल्या बाईंना त्याला काय येते हे ठाऊक नसते. त्याच्या वाचनाची नोंद, सोडवलेली गणिते, अडलेले धडे एका फोल्डरमध्ये असतील आणि शाळेने त्या बाईंना पाहण्याची परवानगी दिली, तर मार्चपर्यंतचे महिने वाया जाणार नाहीत.

परंड्याला लागून असलेल्या माढा तालुक्यातले उदाहरणही इथे बोलके आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. 2020मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पण ती कल्पना राज्यभर रुजली, कारण बालभारतीने ती आपल्या पुस्तकांत घेतली आणि कोड ‘दीक्षा’ या सरकारी मंचाशी जोडले गेले. एका शिक्षकाची कल्पकता संस्थेची झाली की टिकते, ही त्यातली शिकवण आहे.

सावधगिरीही तितकीच हवी. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडेल अशा फोल्डरमध्ये मुलांचे आधार, जातीचे दाखले, दिव्यांगत्वाची कागदपत्रे ठेवणे म्हणजे ती चव्हाट्यावर मांडणे होय. 2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. 13 वर्षांखालील मुलाला गुगलचे स्वतंत्र खाते स्वतः उघडताही येत नाही. त्यामुळे प्राथमिक शाळेत मुलांची वेगळी खाती नकोतच, शाळेचे एक खाते पुरे. कंपन्यांची धोरणेही बदलतात. एव्हरनोट या नोंदींच्या अ‍ॅपने डिसेंबर 2023मध्ये मोफत वापर 50 नोंदींवर आणला. म्हणून वर्षअखेरीस सगळ्याची एक पीडीएफ प्रत शाळेच्या संगणकात किंवा हार्ड डिस्कमध्ये उतरवून ठेवावी.

जिल्हा परिषद डोमेन घेईल तेव्हा घेईल. तोवर मुख्याध्यापकांनी शाळेच्या नावाने एक खाते उघडावे, ते कोणाकोणाच्या हाती राहील हे शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहावे आणि पालकांची लेखी संमती घ्यावी. पालकांनीही बैठकीत एकच प्रश्न विचारावा: आमच्या मुलांचे काम कोणाच्या खात्यात आहे? उत्तर ‘गुरुजींच्या’ असे आले, तर ते बदलून घ्यावे.