मारुतीच्या कमरेएवढं पाणी

दोस्तांनो, पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातमीत आकडा येतो, अमुक इतके क्युसेक. पण नाशिकच्या गोदाघाटावर लोक एकमेकांना काय विचारतात? "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय?" रामकुंडाजवळची दोन तोंडांची ही उंच मूर्ती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टीच! गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढं कानावर आलं की दुकान कधी आवरायचं ते ज्याचं त्याला कळतं. 1969 आणि 2008 चे महापूर पाहिलेल्या या शहरात ते वेळेवर कळणं फार महत्त्वाचं.

मग क्युसेक कशाला? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28 लिटर पाणी. हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर, तेही दर सेकंदाला! धरणावरच्या इंजिनिअरसाहेबांना दरवाजे किती उघडायचे ते ठरवायचं असतं. त्यांचं काम मारुतीच्या कमरेवर कसं भागेल? नदी तीच, पाणी तेच, फक्त ऐकणारा वेगळा.

तुमच्या प्रकल्पाचंही असंच असतं. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद 1993 साली सुरू झाली. 10 ते 17 वर्षांच्या मुलांनी आपल्या भागातला एखादा प्रश्न घ्यायचा, स्वतः मोजमाप करायचं आणि परीक्षकांपुढे मांडायचं, अशी तिची रीत. मुलं मोजमाप झकास करतात. गाडी अडते ती सांगताना. एकच भाषण पाठ करायचं आणि परीक्षक असोत, आजी असो की दुसरीतला बंड्या, सगळ्यांपुढे तेच म्हणायचं!

समजा, तुम्ही गच्चीवर सरळ बाजूंची बाटली ठेवून पावसाळाभर रोज सकाळी पाऊस मोजलात. एका दिवशी 60 मिलिमीटर भरला. बंड्याला "60 मिलिमीटर" म्हणून काय कळणार? त्याला सांगा, "गच्चीच्या एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोनावर 60 लिटर पाणी पडलं. पंधरा लिटरच्या चार बादल्या!" बंड्या लगेच गच्चीवर पळेल. द्राक्षबाग असलेल्या मामांना हंगामाच्या बेरजेपेक्षा तारखा हव्यात. पाऊस कधी उघडला, छाटणीनंतर पुन्हा कधी आला? त्यांच्यापुढे दिवसवार तक्ता धरा. परीक्षक मात्र विचारतील, "बाटली झाडाखाली तर नव्हती ना? रोज एकाच वेळी मोजलंत का?" त्यांच्यासाठी नोंदवही हाताशी हवी.

आणि हो, मारुतीची पट्टी नाशिकलाच चालते. सोलापूरच्या मुलीला ती सांगून उपयोग नाही. ऐकणाऱ्याच्या ओळखीचं माप शोधायचं.

मोठ्या माणसांनाही हे करावं लागलं आहे. क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा रोगांनीच जास्त इंग्रज सैनिक दगावले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1858 साली ते एका रंगीत आकृतीत दाखवलं. आकड्यांचे रकाने वाचायला कंटाळणाऱ्यांनाही एका नजरेत कळावं, म्हणून!

मात्र सांगायची तऱ्हा बदला, आकडा बदलू नका. चार बादल्यांच्या पाच करू नका. दोन दिवस गावाला गेलात आणि मोजलं नाहीत, तर तक्त्यात ती जागा कोरी ठेवा आणि विचारण्याआधीच तसं सांगा. स्तंभालेख शून्यापासून सुरू करा, नाहीतर थोडासा फरक डोंगराएवढा दिसतो. आणि "नाशिक जिल्ह्यात एवढा पाऊस पडला" असं म्हणू नका. तुमची बाटली एकाच गच्चीवर होती. त्र्यंबकेश्वरला धो धो कोसळतो, तेव्हा सिन्नरला कधीकधी रस्तासुद्धा भिजत नाही. मागे पूर येणार म्हणून कोणी वाढवून सांगितलं आणि पाणी आलंच नाही, तर पुढच्या खऱ्या इशाऱ्याला दुकान कोण आवरेल?

आता तयारी. स्पर्धेआधी घरातल्या तिघांना प्रकल्प वेगवेगळा सांगा. सांगून झालं की "कळलं का?" असं विचारू नका, सगळे मान डोलावतात. "काय कळलं ते मला सांगा बरं," असं म्हणा. जिथे ते अडखळतील, तिथलं तुमचं वाक्य दुरुस्त करा.

आईबाबांना एक विनंती. भाषण लिहून देऊ नका. फक्त शंका विचारा, अगदी भाबड्यासुद्धा. मुलांना उत्तर आलं नाही तर थोडं थांबा. "हे आम्ही मोजलेलं नाही," हेही खरं उत्तर आहे, आणि ते न घाबरता देता आलं पाहिजे.

चला तर, वही काढा आणि पहिल्या पानावर लिहा, 'माझं कोण कोण ऐकणार आहे?' बाकीचं त्यानंतर!