लावणीच्या दिवसांत येणारा कागद

आज भाताची नोंद नाही, कागदाची आहे. पण ती भाताशीच जोडलेली आहे.

३१ जुलै २०२४ ला केंद्र सरकारने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. सहा राज्यं मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०. आपल्या कर्जत-खालापूरची डोंगरालगतची गावंही त्यात. हरकत द्यायला मुदत ६० दिवस. आता हे ६० दिवस आपल्या कामांवर ठेवून बघा. लावणीची शेवटची घाई, मग बेणणी, युरियाचा हप्ता, करपा-खोडकिडा बघत बांधावरून फिरणं, ७ सप्टेंबरला गणपती. मुदत संपली तेव्हा हळवं भात कापणीला यायला लागलं होतं. यादीत आपलं गाव किती जणांनी शोधलं?

मसुदा चांगला की वाईट, ते मी इथे सांगत नाही. ते गावाने ठरवावं. पण ठरवायला आधी वाचावा तर लागेल!

वाचून काय होतं, याला कोंढाण्याचं उदाहरण पुरे. उल्हास नदीवरचं हे धरण कोकण पाटबंधारे महामंडळाचं. २०११ मध्ये मंजुरी झाली तेव्हा उंची ३९ मीटर आणि खर्च ५६ कोटींच्या आसपास. काही महिन्यांतच उंची ७१ मीटर आणि खर्च सव्वातीनशे कोटींच्या पुढे. अंजली दमानिया यांनी माहिती अधिकारात कागद काढले आणि २०१२ मध्ये हे राज्यभर गाजलं. काम थांबलं, पुढे चौकशी लागली. पुढचा भाग आपण विसरतो. नंतर हेच धरण सिडकोकडे गेलं, नैनाच्या पाण्यासाठी. म्हणजे पाटबंधाऱ्याच्या नावाने सुरू झालेलं पाणी शहराच्या नावावर लागलं. उंची बदलली तेव्हा आरडाओरड झाली, पाण्याचा धनी बदलला तेव्हा मात्र तेवढी नाही. राजनाल्यावर उन्हाळी भात घेणाऱ्याला पाण्याचा धनी कोण, याची किंमत सांगायला नको.

आता दुसरी बाजू. कार्यालयातली नोंदच अपुरी असेल तर? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. तीन दिवसांत ४९९ मिमी पाऊस. दुसऱ्या दिवशी सरकारने विधिमंडळात सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादी खोटी होती असं मी म्हणत नाही. पण कुठला ओढा वळलाय, कुठे उतारावर भेग पडलीय, कुठला झरा अचानक गढूळ येतोय, हे गुराखी आणि ठाकर-कातकरी बांधवांना आधी दिसतं. ते कुठल्या रजिस्टरात लिहिलं जातं? कुठल्याच नाही. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात दरवर्षी मे महिन्यात हे तारखेसकट लिहून घ्यावं आणि प्रत तहसीलला द्यावी, पोच घेऊन. इथे वाचणारे कृषी सहायक, अधिकारी मंडळी पंचनाम्याला शिवारात येतातच. त्यांनी तेवढ्यासाठी हात लावला तर काम सोपं होईल.

आपल्यातलेच काही म्हणतील, कशाला खाजवून खरूज काढायची, झोनचं नाव निघालं की जमिनीचा भाव पडतो. भीती खरी आहे, नाकारत नाही. पण माथेरानच्या पायथ्याला संवेदनशील क्षेत्र ४ फेब्रुवारी २००३ पासून लागूच आहे. जमीन घ्यायला येणारा ते वाचून येतो, विकणारा वाचत नाही. हिरव्या पट्ट्यातली वरकस उद्या पिवळी होणार, हे ज्याला आधी कळतं तो गुंठ्याचा भाव ठरवतो. न वाचण्याने भाव टिकतो हा आपला गैरसमज आहे.

वाचायचं कुठे? विकास योजनेचं प्रारूप लागलं की हरकतीला ३० दिवस असतात. कारखान्याची किंवा खाणीची जनसुनावणी असेल तर किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. तो मागा, इंग्रजी गठ्ठा हातात घेऊन परत येऊ नका. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फाइल बघता येते. अलिबागला जायचंच असेल तर सोमवार धरा. एकट्याने नको, दोघं-तिघं जा, त्यात एक तरी नकाशा कळणारा असू दे.

नकाशा हातात आला की आधी आपला गट नंबर शोधा. मग वरच्या अंगाचा डोंगर आणि त्यातून येणारा ओढा नकाशात दाखवलाय का, ते बघा. ओढा जागेवर आहे आणि कागदावर नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या आणि त्याचा फोटो इथे खाली टाका.