झोपडी, भाला आणि सिंह

मुलीच्या शाळेत 'जागतिक संस्कृती दिन' होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. (कारकुनाला अर्धी रजा कशी मिळते ते कारकुनालाच ठाऊक!) वर्गात पत्त्यांचा खेळ चालला होता. एका पत्त्यावर देश, दुसऱ्यावर चित्र. जोडी लावली की एक गुण. जपान म्हणजे किमोनो. मेक्सिको म्हणजे मोठी टोपी. आणि आफ्रिका म्हणजे झोपडी, भाला, सिंह. चोपन्न देशांना मिळून एक पत्ता! मुलगी पहिली आली, तिला चॉकलेट मिळालं. टीचर खूश. खेळता खेळता म्हणे जग कळलं.

मंडळी, जरा आपलाच पत्ता काढून बघा. लांब कशाला, दिल्लीतल्या एखाद्या वर्गात 'गोवा' या पत्त्यावर काय असेल? किनारा, बाटली आणि गवताची टोपी. शिगमो नाही, जत्रेच्या रात्रीचं मराठी नाटक नाही. हिंदी सिनेमाने हा पत्ता आपल्या गळ्यात बांधला म्हणून आपण किती वर्षं ओरडतो आहोत. आणि दुसऱ्याच्या गळ्यात तसलाच पत्ता बांधल्याबद्दल आपण मुलांना चॉकलेट देतो.

लहान मुलं आहेत, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं कोणी म्हणेल. मी लावून घेतो. 2013 साली पर्रा येथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, आणि नंतर गोव्यात त्या लोकांबद्दल कसली भाषा ऐकू येत होती ते आठवा. माझ्या ऑफिसात पदवीधर माणसं "ते सगळे एकसारखेच" म्हणत होती. त्यांच्याही लहानपणी तो एकच पत्ता होता.

आणि आफ्रिका आपल्याला परकी कधी होती? 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. तिथून गुलाम इथे आणले गेले, विकले गेले. त्यातले काही घाट चढून पळाले. यल्लापूर-हल्याळच्या सिद्दींमध्ये त्यांचे वंशज आहेत. बसने काही तासांवर. हे कुठल्या पत्त्यावर येतं?

खेळाला माझा विरोध नाही. पाठांतराला खेळ म्हणण्याला आहे. शिकवायचंच तर त्या लोकांचा खेळ मुलांच्या हातात द्या. घानामध्ये ओवारे खेळतात. बारा खळगे, प्रत्येकात चार बिया, एकूण 48. आपल्या बाजूचा एक खळगा उचलायचा आणि पुढच्या खळग्यांत एकेक बी पेरत जायचं. शेवटच्या बीने समोरच्याच्या खळग्यात दोन किंवा तीन झाल्या तर त्या आपल्या. गुलामांबरोबर हा खेळ समुद्र ओलांडून अँटिगा-बार्बाडोसला गेला. तमिळनाडूत पल्लांगुळी आहे, तुळूनाडूत चेन्नेमणे आहे, ती याच कुळातली.

मी अंड्यांचा ट्रे कापून बारा खळगे केले, चिंचोके मोजून घेतले आणि सोप्यावर बसलो. शेजारचा मुलगाही आला. चार-पाच डावांतच त्याच्या बाजूचे सगळे खळगे रिकामे झाले. मुलगी टाळ्या वाजवायला लागली.

"बाबा, त्याच्याकडे एकपण नाही! मी जिंकले ना?"

"नाही. त्याच्यापर्यंत बी पोचेल अशीच चाल आता तुला खेळावी लागेल. समोरच्याला उपाशी ठेवता येत नाही."

"असला कसला नियम?"

"त्यांचा आहे."

ती बराच वेळ चिंचोके मोजत राहिली. मग तिने दिले, आणि तो डाव हरली. रात्री जेवताना तिने विचारलं, ही माणसं भाले घेऊन हिंडतात ती नव्हेत का? मी म्हटलं, तुझ्या पत्त्यावरची नव्हेत.

सोमवारी ती ट्रे घेऊन शाळेत गेली. ट्रे तिथेच राहिला आहे. वेळापत्रकात याला तास नाही, असं मला कळवण्यात आलं. पत्त्यांना मात्र अख्खी सकाळ होती.