तयार जग, मोकळा आवाज

सुट्टीच्या दुपारी इंदिरानगरातील घराघरांत मुले एकत्र जमतात खरी. परंतु प्रत्येकाची नजर आपापल्या मोबाइलवर खिळलेली असते. त्यांना समोरासमोर बसवून बोलते करणारा एक खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाने सूत्रधार व्हावे, इतरांनी आपापले पात्र घडवावे आणि बोलत बोलत कथा पुढे न्यावी. साहस साधले की फसले, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

नवशिक्या सूत्रधाराने स्वतःचे जग रचण्याचा खटाटोप करू नये. कोकणातील दशावतारात कथा पुराणातली, सर्वांच्या परिचयाची असते. म्हणूनच नटाला संवाद ऐन वेळी सुचतात. तयार जगाचा लाभ तोच. एड ग्रीनवुड यांनी बालपणापासून कल्पिलेले ‘फर्गॉटन रेल्म्स’ हे जग १९८७ पासून या खेळाच्या पुस्तकांत उपलब्ध आहे. ते अफाट असल्याने सारे वाचून मग आरंभ करू म्हटल्यास सुट्टी सरून जाईल. एक गाव, एक धर्मशाळा आणि गावाबाहेरची एक गुहा पहिल्या बैठकीस पुरेशी होते. गुहेच्या वर्णनासाठी जवळचीच पांडवलेणी डोळ्यांपुढे आणावीत.

तयार जगात एक धोकाही संभवतो. ‘पुस्तकात असे नाही’ म्हणून एखादा जाणकार दादा वारंवार टोकू लागला, की अबोल मूल अधिकच मिटते. म्हणून आधीच ठरवावे : जग लेखकाचे असले, तरी आपल्या बैठकीत घडेल ते आपले.

खेळापूर्वी प्रत्येकाला कोणते विषय नकोत, तेही विचारावे. घरात नुकताच मृत्यू वा गंभीर आजार झाला असल्यास तसे प्रसंग टाळावेत. कोणीही हात वर केला, की कारण न विचारता प्रसंग बदलावा. बैठक दोन-अडीच तासांची असावी. मध्ये उठून पाणी प्यावे, पाय मोकळे करावेत आणि झोपेच्या वेळेआधी खेळ आवरता घ्यावा.

स्वतःच्या नावाने जे सांगवत नाही, ते मूल कधीकधी पात्राच्या मुखातून सांगून जाते. पालकांनी ते शांतपणे ऐकावे. लगेच उलटतपासणी करू नये. मात्र हा खेळ म्हणजे उपचार नव्हे. मूल कित्येक आठवडे उदास, एकलकोंडे राहिले, तर वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.